आमेनपर्यंत

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रविवार, ४ डिसेंबर १९९४

शांतवन,

सलाम. 'प्रिय' लिहायला गेलो तर हात अडला, म्हणून नुसतं नावच लिहिलं. पंधरा वर्षांनी भावाचं पत्र आलं की माणूस आधी धसकतो, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. तुझी वहिनी सरूबाई ठणठणीत आहे, तिची जीभही. मी अठ्ठेचाळीसचा झालो. गुडघे कुरकुरतात, पण सकाळच्या दीडशे बैठका अजून चुकवत नाही.

लिहिण्याचं कारण असं, की तुझी राहेल आपल्या तालमीत आली.

मी ओळखलंच नाही तिला. मागच्या सोमवारी संध्याकाळी पोरं जोर मारत होती आणि तालमीच्या गोदामाच्या दारात एक उंच मुलगी येऊन उभी राहिली, नर्सिंगच्या पांढऱ्या कपड्यांत. मी म्हटलं, "बाई, दवाखाना पलीकडं हाय." ती म्हणाली, "दवाखान्यातूनच आले. मला वजन उचलायला शिकायचंय." मला हसू आलं. कशाला गं, विचारलं तर म्हणते, "एक पेशंट उचलायला आम्ही दोघी लागतो. मला एकटीला जमलं पायजे." मग नाव विचारलं. राहेल शांतवन साळवे, राहणार फर्दापूर.

 तू घर सोडून गेलास तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि माझ्या दंडाला लोंबकळायची.

बापाला ठाऊक आहे का विचारलं, तर नाही म्हणाली. म्हणून हे पत्र. तुझी परवानगी असेल तर शिकवीन. नियम तेच आहेत, आधी वचन आणि मग वजन. सकाळी पवित्र शास्त्रातलं एक वचन पाठ करायचं, संध्याकाळी ते म्हणून दाखवल्याशिवाय रॉडला हात लावायचा नाही. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली बाबांनी आजीला पाठंगुळी घेऊन गावाहून छावणीपर्यंत चौदा कोस आणलं, आणि मिशनच्या आवारात तिला उतरवून म्हणाले, "रस्ता देवानं दावला, पर चालायला पाय माझेच लागले." या एका वाक्यावर त्यांनी तालीम उभी केली. संकट काही आधी तार करून येत नाही. ज्याच्या अंगात बळ आणि मुखात वचन आहे तो माणूस तयार असतो, हे मी आजवर शेकडो पोरांना शिकवलं. तुलाही मीच शिकवलं.

पोस्टकार्डावर हो की नाही एवढं लिहिलंस तरी पुरे.

तुझा दादा,
पुंजाराम


मुकुंदवाडी
रविवार, १८ डिसेंबर १९९४

शांतवन,

तुझं उत्तर नाही. न बोलणं म्हणजे होकार असं धरून मी शिकवायला सुरुवात केली. आवडलं नसेल तर तसं कळव, पण कळव तरी.

पोरगी तुझ्यावर गेलीय. पाठ सरळ, आणि दमली तरी तोंडातून हूं नाही. वचनं तर इतकी चटाचट म्हणते की आमच्या पोरांना लाज वाटायला लागली. परवा तिनं भिंतीवरच्या नावांबद्दल विचारलं. नव्या पोरांना सांगतो तेच तिला सांगितलं. शेवटचं वजन डोक्यावर धरायचं, समोरच्यानं डोळे मिटून प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, आणि 'आमेन' कानावर पडल्याशिवाय रॉड खाली आणायचा नाही. अंग थकतं तेव्हाच विश्वास कळतो, असं बाबा म्हणायचे. ज्यानं साठ किलो आमेनपर्यंत धरलं त्याचं नाव चुन्यानं भिंतीवर.

तिनं बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं. "इथलं नाव खरवडलंय ना? कुणाचं व्हतं?"

मी म्हटलं, "तुझ्या पप्पाचं. पुढं एकदा त्यानं आमेनच्या आधीच सोडलं."

"का सोडलं?"

"मन डगमगलं असंल."

ती हाताला खडूची पूड लावून रॉडकडं वळली. आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

पण मी काही खोटं बोललो नाही, शांतवन. रॉड सुटला तो तुझ्या हातून. तुझा खांदा गेला, आठ दिवसांवर आलेली रेल्वेची भरती गेली, उजव्या हातानं पेन धरणं गेलं, याचं मला काही वाटलं नाही असं समजतोस का? पण मी तर डोळे मिटून प्रार्थना म्हणत होतो. तुझे हात थरथरताहेत हे मला कसं दिसणार? दिसलं असतं तर धावलो असतो. माझी चूक धरायची तर एवढीच धर.

राहेल नाताळाला घरी येतेय. तिच्याबरोबर डब्यात करंज्या देतोय. सरूबाईनं केल्यात, माझ्या म्हणून टाकून देऊ नकोस.

दादा


मुकुंदवाडी
रविवार, ८ जानेवारी १९९५

शांतवन,

करंज्यांचा डबा रिकामा परत आला, घासून पुसून. त्यात चिठ्ठी असेल म्हणून मी झाकण दोनदा उघडून पाहिलं. सरूबाई म्हणाली, "झाकणात भाऊ बसलाय का?"

मागच्या पत्राची एक नक्कल मी ठेवली होती. कशाला ठेवली, मलाच ठाऊक. ती तिच्या हाती लागली. चष्मा लावून सावकाश वाचली आणि म्हणाली, "ह्यात डोळे मिटले असं लिव्हलंय. मिटले व्हते का?"

मी म्हटलं, प्रार्थनेत डोळे मिटतातच.

"मी मिटतात का असं इचारलं नाय. तुमचे मिटले व्हते का?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी उठून बाहेर गेलो, पार मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत. फलाटाच्या बाकावर बसून राहिलो, आणि एक पॅसेंजर येऊन गेली तरी मला कळलं नाही.

माझे डोळे उघडे होते.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. तुझे कोपर हलायला लागले ते मी पाहिलं. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या भाकरीच्या ओळीवर आलो होतो तेव्हा. तू माझ्याकडं पाहिलंस, आणि तू पाहतोयस हे मी पाहिलं. पण प्रार्थना मधे तोडायची नाही हा बाबांचाच नियम ना? तो मी कसा मोडणार? देवाशी बोलताना मधेच 'शांतवन, टाक रॉड' असं ओरडायचं?

असं म्हणून मी इतकी वर्षं झोपत आलो. आता लिहिल्यावर वाचून पाहतो तर पटत नाही.

दादा


मुकुंदवाडी
गुरुवार, २ मार्च १९९५

शांतवन,

काल उपवासकाळ सुरू झाला. पाळकसाहेब आप्पासाहेब उपदेशात म्हणाले, या चाळीस दिवसांत काय खायचं नाही ते नंतर ठरवा, आधी काय लपवायचं नाही ते ठरवा. मी पहिल्या बाकावर बसतो. मान वर करता आली नाही.

उपासनेनंतर तालमीत गेलो. पोरं इस्टरच्या गाण्यांच्या सरावाला चर्चमध्ये थांबली होती, म्हणून तिथं मी आणि राहेल दोघंच. ती म्हणाली, "मोठे पप्पा, आज आमेनपर्यंत धरायचंय. चाळीस किलो." नको म्हटलं. ती म्हणाली, "पप्पाच्या वक्ताला नको म्हणले व्हते का?"

तिनं रॉड डोक्यावर घेतला. सुरेख घेतला, कुठं झोक नाही. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. भाकरीच्या ओळीपर्यंत आलो आणि जीभ टाळ्याला चिकटली. पुढचा शब्दच येईना. लहानपणापासून रोज म्हटलेली प्रार्थना, आणि मी तिथं खांबासारखा उभा. डोळे उघडले तर तिचे दंड थरथरताहेत. मी ओरडलो, "आमेन! आमेन! टाक!"

तिनं रॉड नीट खाली ठेवला. धापा टाकत म्हणाली, "मधलं सारं गाळलंत."

मग मी तिला सांगितलं. सगळं. आता तुला सांगतो, म्हणजे तुला ठाऊक आहे तेच, पण माझ्या बाजूनं.

त्या दिवशी सकाळी तू भरतीचं पत्र घेऊन नाचत आलास. तुझी उंची पाच फूट सात इंच. मी तीनदा गेलो होतो रे त्याच भरतीला. धावण्यात पहिला, वजनात पहिला, आणि तिन्ही वेळा उंचीच्या पट्टीखाली उभं केल्यावर अर्धा इंच कमी. अर्धा इंच! जोर मारून छाती वाढते, उंची काही वाढत नाही. तिसऱ्या वेळी तर साहेब हसून म्हणाला होता, "पहलवान, टाच मत उठाओ." हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. आणि तू, मी शिकवलेला, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, जोर चुकवणारा, पत्र फडकवत म्हणालास, "दादा, आता तालीम तूच बघ बाबा एकट्यानं." तू हसत म्हणालास, तुझ्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ते दिवसभर कुसळासारखं राहिलं.

संध्याकाळी तू साठ किलो उचललेस आणि माझ्यासमोर उभा राहिलास. मी प्रार्थना सुरू केली, आणि मनात म्हटलं, बघू तर खरं, गडी किती तयार आहे. मी हळू म्हटलं, शांतवन. मुद्दाम हळू. एकेक शब्द सुटा करून. तुझे कोपर हलले तेव्हा आणखी हळू. आणि क्षमेची ओळ तर मी दोनदा म्हटली. त्याच ओळीवर थांबलो, श्वास घेतला, तुझ्याकडं बघत राहिलो. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि रॉड तुझ्या पाठीमागं गेला, खांद्याला घेऊन गेला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाबा धावत आले. तू जमिनीवर पडलेला. मी पहिलं वाक्य काय बोललो आठवतं? 'पाणी आणा' नाही, 'रिक्षा बोलवा' नाही. मी म्हणालो, "आमेनच्या आधी सोडलं त्यानं." आणि बाबांनी ते खरं मानलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन तुझं नाव खरवडलं. तुझ्याशी न बोलता दोन वर्षांनी गेले. माती द्यायला तू आलास, पण कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभा राहिलास, आणि मी तुला पुढं ये म्हटलं नाही.

हे सगळं मी तुझ्या पोरीला सांगितलं. वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती शांतपणे हातावरचा खडू पुसत होती.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "पप्पानं लई आधी सांगितलंय."

"मग भिंतीचं कशाला इचारलंस?"

"पप्पा म्हणायचे, दादा एक दिवस सोताहून सांगंल. त्याच्या पोटात राहणार नाय. दर नाताळाला म्हणायचे. मला वाटलं, जाऊन बघावं."

मी विचारलं, "आणि मी मन डगमगलं म्हणलो, ते पप्पाला सांगितलंस?"

"नाय," ती म्हणाली. "ते कसं सांगू?"

तिनं चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "शिकवलंत त्याबद्दल आभारी हाय, मोठे पप्पा." तेव्हापासून आली नाही. काल-आजचीच गोष्ट आहे, पण ती येणार नाही हे मला कळतंय.

डिसेंबरातलं माझं ते पत्र तुझ्याकडं गेलंच होतं. तिनं जे लपवलं, माझं ते मन डगमगल्याचं बोलणं, ते मीच तुला लिहून कळवलं होतं. ते वाचून तू डबा घासून परत पाठवलास.

दादा


मुकुंदवाडी
सोमवार, १७ एप्रिल १९९५

शांतवन,

काल इस्टर झाला. उपासना संपता संपता, आठवड्याच्या सूचना वाचून झाल्यावर मी पाळकसाहेबांची परवानगी घेऊन उभा राहिलो आणि मंडळीसमोर सांगितलं. लिहिलं होतं तेवढं सगळं, अर्ध्या इंचासकट. मला वाटलं होतं छत कोसळेल. कसलं काय. तरुण पोरांना तू कोण हेच माहीत नव्हतं. दोघं-तिघं म्हातारे येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झालं गेलं, पुंजाराम. प्रभू क्षमा करतो." आणि सगळे चहाच्या टेबलाकडं गेले. एकट्या दगडाबाईनं मात्र मला अडवलं. बाबांच्या वेळची, आता काठी टेकत चालते. म्हणाली, "आमाला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं तो तिकडं मातीत, आन् दुसरा तिकडं फर्दापुरात."

मी कबरस्तानात जाऊन बाबांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, राखणदार बघायला लागला. सांगून झाल्यावर तिथंच बसलो आणि रडलो. दगडाला सांगून काही हलकं होत नाही, ही गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

तालमीत मी आमेनपर्यंत धरायचं बंद केलं. प्रार्थना आधी होते, सगळे हात मोकळे ठेवून. मग वजन. एका पोरानं विचारलं, सर, मग विश्वास कसा कळणार? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. असं उत्तर मी तालमीत पहिल्यांदा दिलं.

चाळीस वर्षं मी तयारीच करत आलो. आजारपण आलं, नोकरी गेली, दंगल झाली, तरी मी डगमगणार नाही एवढं बळ साठवलं. एवढ्या लोखंडानं आणि एवढ्या वचनांनी अर्ध्या इंचाचा हेवा काही मला उचलता आला नाही. तू खाली पडलास त्या दिवसासाठीच तर ती तयारी होती. त्या दिवशी मी कच्चा निघालो आणि नाव मात्र तुझं खरवडलं गेलं.

पाकीट बंद करायला घेतलं तर सरूबाई म्हणाली, "किती कागद काळे करणार? तिकिटांच्या पैशात येष्टी मिळाली असती."

दादा


फर्दापूर, येष्टी थांबा
शनिवार, २९ एप्रिल १९९५

शांतवन,

वरचं गावाचं नाव वाचून दचकू नकोस. जळगाव गाडीनं साडेअकराला उतरलो. तेव्हापासून रस्त्याच्या या बाजूला, चहाच्या हॉटेलाच्या बाकावर बसलोय. समोर राहेलनं सांगितलेलं तुझ्या कामाचं गेस्ट हाऊस. खिडकीतून तू दिसतोस.

केस पांढरे झाले रे तुझे. माझ्याहून जास्त. तू पाहुण्यांचं रजिस्टर डाव्या हातानं लिहितोस, वही तिरपी धरून. उजवा हात टेबलावर तसाच ठेवलेला असतो. मघाशी लेणी बघायला आलेलं एक कुटुंब उतरलं, तर त्यांची मोठी बॅग तू डाव्या हातानं उचलून आत नेलीस, आणि म्हातारीसाठी दार खांद्यानं लोटून धरलंस. त्याच खांद्यानं. मी इथं बसून मोठ्यानं हुंदका दिला, हॉटेलवाल्यानं पाणी आणून दिलं.

मधे फक्त रस्ता आहे. चाळीस पावलं असतील. औरंगाबादकडं जाणाऱ्या तीन गाड्या येऊन गेल्या. प्रत्येक गाडी आली की मी उठून उभा राहतो, आणि ती गेली की पुन्हा बसतो. हॉटेलवाला म्हणाला, "पाव्हणं, जायाचं कुटं हाय नेमकं?"

राहेल माझ्याकडं येऊन गेली याबद्दल तिचा राग करू नकोस. तिनं काही वाईट केलं नाही. पोरगी चांगली घडवलीस तू, मला तिच्यापुढं मान वर करता येत नाही.

तुझ्याकडं क्षमा मागायची की नाही, हेही मला कळेनासं झालंय. क्षमेची ओळ त्या दिवशी दोनदा म्हणून मी तुझं हाड मोडलंय. ती पुन्हा तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणून मागत नाही. मी फक्त एवढं सांगणार आहे: मी तुला पाडलं, मुद्दाम पाडलं, आणि बाबांशी खोटं बोललो. हे कागदावर लिहून झालं, मंडळीला सांगून झालं, कबरीला सांगून झालं. तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलंय. येताना गाडीत एखादं वचन आठवावं म्हणून प्रयत्न केला, पण एकही आठवलं नाही. तसाच आलोय.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हातात घेऊन येतो. माझं बोलणं दोन वाक्यांचं आहे, ते लगेच संपेल. मग तू बोल. सोळा वर्षांचं साठलेलं असेल. मी खाली बसणार नाही, मधे तोडणार नाही, तुझं संपल्याशिवाय जागचा हलणार नाही.

तू हळू बोल, शांतवन. हवं तेवढं हळू बोल.

दादा